समुद्राची टाकी कुलदीपकडे

मी, कौशल्या जानराव गावंडे, वय ६८, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्या खुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहते घर माझा मुलगा कुलदीप व मुलगी रागिणी यांना निम्मे-निम्मे. खते-औषधांचे दुकान, म्हणजे कृषी केंद्र, कुलदीपचे. तो ते चालवतोच. दागिने रागिणीचे. पाटल्या मोडायच्या तर खुशाल मोड बाई, मी काही बघायला येत नाही.

२. बैठकीतील खाऱ्या पाण्याची टाकी, त्यातील प्रवाळ, मासे व कोळंब्यांसह. हिच्यावरून भांडण होणार, म्हणून सविस्तर लिहिते. रागिणी म्हणते, "आई, टाकी मलेच दे. दादाच्या हातून पुन्हा मरतीन सारे." तिचे चूक नाही. मी दवाखान्यात असताना प्रवाळ फिके पडले होते. आयोडीन वगैरे द्रव्ये पाण्यात कणभरच लागतात. नळीत पाणी घ्यायचे, तपासणीचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि कमी असेल तेवढेच घालायचे. आमच्या चिरंजीवांनी कपाशीवर फवारायची सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटलीच ओतली! वर म्हणतो, "कमी पडलं तं देल्लं ना आई, कपाशीले देतो तसं." अरे गाढवा, त्यात तांबे असते! कपाशीला चालते, कोळंबीला ते विष. सारी टाकी गेली, खडकसुद्धा फेकावे लागले. नवी टाकी मी उभी केली आणि त्याला बोट लावू दिले नाही.

३. तरीही टाकी कुलदीपलाच द्यावी. ही वर्षे कपाशीची वाईट. पान पिवळे पडले की माणसे घाबरून दुकानात येतात, द्याल ती बाटली उचलतात. त्या प्रकारापासून कुलदीप म्हणतो, "पह्यले माती तपासून आना, काका." लोक चिडून समोरच्या दुकानात जातात, तरी तो ऐकत नाही. का, हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण मला कळते. एवढा धसका घेतलेला माणूस आता अंदाजाने थेंबभरही टाकणार नाही. रागिणीने रुसू नये.

४. टाकीचे मीठ शेजारचे अय्युबभाई मुंबईहून आणून देतात. त्यांना चहा पाजल्याशिवाय पाठवू नये.

५. कुलदीप, माझा राग केव्हाच गेला रे. तोंडातून निघत नव्हते, म्हणून इथे लिहिते. मी जाईन त्या दिवशी घरात गर्दी असेल, टाकीकडे कोणी बघणार नाही. तू आधी पाणी तपास. मग रड.

ठिकाण: मूर्तिजापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१७
सही: कौशल्या जानराव गावंडे

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. शेख अय्युब शेख उस्मान
२. ओमप्रकाश नत्थुजी तायडे