न बोलावता आलेला डॉक्टर

मंगळवार, दुपार

चि. ठमूस,
तोंड भरून आशीर्वाद.

अगं, सगळ्यात आधी आला तो डॉक्टर! मी बोलावलाच नव्हता. त्याच्या मागून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतला एक माणूस. इतका गोड बोलतो की मी मनात त्याचं नाव गोडबोल्याच ठेवलं. मी न्यायमूर्तीबाईंची, म्हणजे तुझी, आजी म्हणून आले होते हो! एवढी मोठी गाडी आपल्या दारात. शेजारीण खिडकीतून अशी लोंबकळत होती, म्हटलं पडते आता.

डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला. म्हणाला, "आजी, तरण्या पोरीसारखं आहे सगळं." गोडबोल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा पट्टा गुंडाळतच बसला.

मग गोडबोल्या मला म्हणतो, "आजी, तुम्हाला बरं नाही. नातीला फोन करून बोलवा. सोमवारी ती तुमच्या उशाशी हवी."

सोमवारी तुझा निकाल ना गं? राष्ट्राध्यक्षांनी संसदेला कुलूप लावून स्वतःच कायदे काढायचे की नाही, तो. रेडिओ ऐकते मी. तू नसलीस तर निकाल लांबणार, कुलूप तसंच राहणार. दोन यत्ता शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं.

"राष्ट्राध्यक्ष म्हणजे सगळ्यांचे वडीलच," तो म्हणाला.

म्हटलं, "असू देत. आमच्या घरात खाऊचे वाटे करणारा स्वतःचा वाटा शेवटी उचलायचा. आणि वाटे सारखे झाले का, ते बघणारं तिसरंच कुणी असायचं."

ती तूच की. स्टुलावर चढून ओरडायचीस, "आजोबांचा मोठाय!" नि आजोबा मुकाट्याने बदलून घ्यायचे.

डॉक्टर हसला. गोडबोल्या नाही. निघताना जिन्याकडे बघून म्हणाला, "फार उभा आहे हो. जपा."

"रोज चढते. अजून पडले नाही."

"अजून," तो म्हणाला.

असो. गंमत म्हणून लिहिलं. फोनवर हे बोलायला नको, म्हणून शेजारीण उद्या तिकडे येतेय तिच्या हाती देते.

मी ठणठणीत आहे. आजारी आहे असा फोन आला तर खोटा समज. पडले असं कळलं, तर ते खरंही असेल. तरी आधी निकाल वाच, मग ये. मला थांबता येतं.

तुझ्या स्टुलाला धरून उभी राहणारी,
आजी

ता. क. जाताना गोडबोल्या म्हणाला, परत येतो. रविवारी.