आठवी ब हसत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची ह्यांच्या शाळेत. बारामतीहून पहाटेची एस.टी., कळसला उतरून पुढं वडापची जीप. ह्याच वाटेनं हे रोज स्कूटरवर जायचे. गौरी-गणपतीत गेले. आता त्यांच्याच वर्गावर संस्थेनं मला पाठवलंय. मी अर्ज केला नव्हता! बारामतीच्या शाळेत माझं बरं चाललं होतं.

मुख्याध्यापक मोहनराव म्हणाले, "वहिनी, गणिताला दुसरं माणूस न्हाय. रमाकांत गेल्यापासनं आठवी ब वाऱ्यावर पडलीय. परीक्षेपातुर रेटा."

वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक शेळी. पिवळ्या खडूची. तिरसट तोंडाची. ह्यांच्या हातची, मोहनराव म्हणाले. कुणी पुसलेली नाही.

मीही पुसली नाही.

४ नोव्हेंबर

शेळीचा उलगडा झाला. ऋषिराज म्हणून एक हडकुळा मुलगा आहे, त्याला समीकरण सोडवायला उभं केलं. झरझर सोडवलं. पण प्रत्येक पायरीपुढं कारण लिहिलं— "शेळी सोडली". हे काय रे?

"मॅडम, तराजूची दोन पारडी. शेळी दोनी पारड्यांतलं सारखंच खाती. एकाच बाजूचं खाल्लं की पारडं तिच्या टाळक्यात बसतंय."

आम्ही जन्मभर "दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा करू" म्हणून घसा फोडला, तरी निम्मी पोरं एकाच बाजूला वजा करून मोकळी होतात. इथं एकही चुकत नाही. चिन्हसुद्धा नाही!

रागच आला मला. हा माणूस घरात जेवताना "मीठ" म्हणायचा, तेवढाच काय तो संवाद. पेपर वाचायचा, झाडांना पाणी घालायचा, झोपायचा. ही शेळी कुठं ठेवली होती ह्यांनी? मला एकदा दाखवली असती तर काय बिघडलं असतं?

६ नोव्हेंबर

मोहनराव सांगत होते, ह्यांच्या तासाला आठवी ब इतकी हसायची की शेजारच्या वर्गाला शिकवता यायचं नाही. शिक्षक भांडायला यायचे आणि दारातच उभे राहून हसायचे.

माझ्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येईल.

स्टाफरूममध्ये मनिषा मॅडम म्हणाल्या, "अहो, पदर उलटा की!" सगळ्या खिदळल्या. मी दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाही. असू दे. आहे माझा स्वभाव.

१० नोव्हेंबर

ठरवलं, आपणही चित्र काढायचं. काय अवघड आहे! रविवारभर आरशासमोर तालीम केली. विनोद पाठ केला, पाढ्यासारखा.

फळ्यावर कारखान्याचा वजनकाटा काढला. त्यावर उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर— तो बटाट्यासारखा झाला, पण झाला. म्हटलं, ह्याला काट्यावर वजन कमी करायचंय. म्हणून तो तिथंच बसून डबा उघडतो आणि सगळ्या भाकरी खाऊन टाकतो. मग बघतो तर वजन तेवढंच! का बरं?

थांबले. हसण्यासाठी जागा सोडली.

काही नाही. एक नाही, दोन नाही. माना खाली. पहिल्या बाकावरच्या छकुलीनं ओढणीचा बोळा तोंडात धरलेला. ऋषिराजचे कान लाल आणि डोळ्यांत पाणी. एकजण पाणी प्यायला म्हणून गेला, तो आलाच नाही.

त्यांना त्यांचे सर आठवत होते. दुसरं काय! मी त्या जागेवर उभी राहून माकडचेष्टा करतेय असं वाटलं असेल. घरी येऊन जेवले नाही.

१२ नोव्हेंबर

आज अंगावर काटा आला.

तास संपवून बाहेर पडले. चष्मा टेबलावर राहिला म्हणून व्हरांड्यातून परत फिरले, तर आतून हसणं. अख्खा वर्ग, पोट धरधरून. बाकं वाजत होती. आणि पुढच्या तासाचे सर तर ऑफिसात चहा पीत होते, मी आत्ताच बघितलेले! मग पोरांना हसवतंय कोण?

दार ढकललं. चिडीचूप.

"कोण होतं आत?"

"कुनी न्हाय, मॅडम."

सगळ्यांचे चेहरे लालबुंद. फळ्याच्या डाव्या अंगाला, खिडकीशी, हे उभे राहायचे म्हणे. तिथं ऊन पडलं होतं. मी तिकडं बघितलं नाही. चष्मा उचलला आणि निघाले.

१३ नोव्हेंबर

परत तेच. मी बाहेर गेले की हसणं.

१९ नोव्हेंबर

रोज होतं. आता मी मुद्दाम व्हरांड्यात उभी राहते आणि ऐकते. ऐकता ऐकता त्यात ह्यांचा आवाज शोधते. कधी वाटतं सापडला. ह्यांचं हसणं कसं होतं हेच मला नीट आठवत नाही, मग सापडणार कसं? एवढा संसार झाला आणि माणसाचं हसणं ठाऊक नाही. लाज वाटते लिहायला.

पुण्याहून विराजचा फोन आला. म्हणाला, "आई, तू उगाच गेलीस तिथं. बाबांचं भूत काढून बसशील." मी म्हटलं, भूत बसलंयच, बाळा. फक्त ते माझ्या वाट्याला येत नाही. चाळीस पोरांना दिसतं, मला नाही. तो म्हणाला, जेवलीस का?

दोन चित्रं आणखी काढून बघितली. एक गाढव काढलं, एक सासूबाई. वर्ग तसाच, मयताला बसल्यासारखा.

२४ नोव्हेंबर

शेळी पुसली. ओल्या फडक्यानं, खसाखसा. पोरं बघत होती.

फळा वाळला तसं तिचं तोंड परत उमटलं. इतके महिने खडू बसलेला, तो काय एका फडक्यानं जातोय! तिरसट तोंडानं माझ्याकडंच बघत होती. तास अर्धा सोडून बाहेर आले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आणि दार लागलं तसं आत हसणं.

२७ नोव्हेंबर

बास. मोहनरावांना सांगितलं, मला बारामतीला परत पाठवा. ही पोरं माझी व्हायची नाहीत. ती त्यांची आहेत आणि ते अजून तिथंच उभे आहेत. मला दोघांच्या मध्ये उभं राहवत नाही.

मोहनराव म्हणाले, "वहिनी, शनवारपातुर थांबा. घाई करू नका."

घाई! महिना झाला रोज मरतेय.

२८ नोव्हेंबर

काय झालं ते नीट लिहिते.

वर्गात सांगितलं— उद्या माझा शेवटचा दिवस. सोमवारपासून दुसरं कुणी येईल. नेहमीसारख्या माना खाली. मी खडू ठेवला. तेवढ्यात छकुली उठली, रडायलाच लागली.

"मॅडम, जाऊ नगा. आमी हसतो की!"

"काय?"

"रोज हसतो! तुमी भाईर गेल्याव. तो डायवर काट्याव बसून भाकरी खातुया... ऋषिराज बाकावनं खाली पडला हुता, मॅडम! आन् त्या गाढवाला तर तुमी पाचवा पाय काढला हुता!"

"मग माझ्यापुढं का नाही हसत?"

ऋषिराज, जमिनीकडं बघत—

"सरांनी शपथ घातलीया. म्हनाले, मॅडम कदी तुमच्या वर्गाव आल्या, तर त्यांच्यापुढं कुनी दात काढायचं न्हाय. त्यांला लोक हसल्याचं लई लागतं. शिकवनं मातर माझ्यापरास भारी हाय, म्हनाले."

"कसली शपथ?"

"इद्येची."

विद्येची! म्हणजे मोडली की नापास. एवढी मोठी घोडी, पण ह्या शपथेला अजून घाबरतात. मी म्हटलं, अरे, मग सोडवून घ्यायची ना शपथ!

"ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हनायचं आसतं, मॅडम. आन् सर तर..."

म्हणजे ही पोरं महिनाभर गळ्यापर्यंत आलेलं हसू गिळत होती आणि सोडवणारा माणूस जगात नव्हता. ओढणीचे बोळे, लाल कान, पाणी प्यायला गेलेला पोरगा— आणि मी त्यावरून काय काय रचलं!

लोक हसल्याचं मला लागतं, हे मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. जेवताना "मीठ" म्हणणाऱ्या माणसाला ते दिसत होतं.

मी सरळ उभी राहिले. म्हटलं, मी त्यांची बायको. त्यांच्या वतीनं मी सोडवते. सुटली!

बघत राहिली माझ्याकडं. ही चालते का, असं एकमेकांत कुजबुजली. छकुली म्हणाली, "बायकोची चालती. अर्धी इद्या त्यांचीच की!" मग मी फळ्यावर ड्रायव्हर काढला, पहिल्यापेक्षा भयंकर, आणि वर्ग फुटला. मागचं बाक कोसळलं. शेजारच्या वर्गातून मनिषा मॅडम भांडायला आल्या. मी हसत होते. माझ्यावरच हसत होती सगळी, आणि मी खडू धरून हसत होते. शेवटी रडू आलं तेही कुणाला कळलं नाही.

मोहनरावांना सांगितलं, थांबते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मधल्या सुट्टीत छकुलीला सहज विचारलं, सरांनी ही शपथ कधी घातली गं?

"श्रावणात, मॅडम. जिना चढून आले की लई दम लागायचा त्यांला. म्हनाले, दिवाळीनंतर मी न्हाय यायचा, मॅडम येतील, संस्थेला सांगून ठिवलंय. आमाला वाटलं बदली झाली."

मला म्हणाले होते, पित्त झालंय.