थंड चहाची उपमा

धानोरा, मंगळवार

ती. सौ. चारुताईंना धाकट्या जावेचा, शोभाचा, वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून यंदा कागदावरच). दादांची शुगर कशी आहे? तुम्ही फॅमिली ग्रुप सोडल्यापासून तब्येत कळायची सोय राहिली नाही, म्हणून हे पत्र.

झालं असं, की सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बाहेरून बारावीला बसतेय, हे तुम्हांला माहीत आहेच. इंग्रजीत उपमा असतात. मधमाशीसारखा उद्योगी, खेचरासारखा हट्टी, बर्फासारखं थंड. मला काही केल्या पाठ होईनात. आमची सून सोनम मास्तरीण, ती म्हणाली, आई, घरातली माणसं घाला, लगेच डोक्यात बसेल. आता खेचर मी जन्मात पाहिलं नाही (हट्टीपणा पाहिलाय). म्हणून लिहिलं, 'अ‍ॅज स्टबर्न अ‍ॅज भाग्येशचे वडील'. नवऱ्याचं नाव मी इंग्रजीतसुद्धा घेत नाही. अशी वीस वाक्यं झाली. सोनमला इतकं कौतुक वाटलं, की तिने वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

हे ओट्यावरूनच ओरडले, "मी काय हट्टी शे?" तेव्हापासून माझ्या हातचं जेवत नाहीत. आज चौथा दिवस.

राहिलं तुमचं. 'अ‍ॅज कोल्ड अ‍ॅज जाऊबाईंचा चहा' यात तुमचं नाव कुठेही नाही. (दुसरी जाऊ असती तर तिच्यावर ढकललं असतं, पण सासूबाई दोन मुलांवरच थांबल्या.) शिवाय उपमेत थोडं वाढवूनच सांगायचं असतं. तुमचा चहा कोमट असतो, हे मी चारचौघांत सांगायला तयार आहे.

ताई, एक मनापासून सांगते. बारावीतून उठवून माझं लग्न लावलं, तेव्हा माहेरून आणलेली पुस्तकं रद्दीत निघाली होती. ती तुम्ही माळ्यावर लपवलीत. बत्तीस वर्षांनी मी तीच खाली काढली. अभ्यासक्रम बदललाय म्हणे, पण मला पास व्हायचंच आहे, आणि तुम्ही रुसलेल्या असताना माझं कशात लक्ष लागत नाही. तुमची ओळ मी खोडली आहे. (वीसपैकी तेवढीच पक्की पाठ झाली होती.) राग उतरला की फोन करा. नाही उतरला तरी करा.

तुमची,
शोभा

ता. क. परीक्षेचं केंद्र शहाद्यालाच आलंय, तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आठ दिवस राहायला येऊ का? अंथरूण कुठेही टाकीन.

आणखी ता. क. सकाळचा चहा रोज मीच करीन. तुम्हीही एकदा गरम पिऊन बघा.