चुंबक उलटा केला तेव्हा

३ जून
आजपासून नोकरीला लागले! प्रयोगशाळा तळघरात, पण ऐसपैस. राहायला मिळालेलं घर अगदी समोर. काम सोपं. टाकीत थंडगार धातूचे अणू फुटतात, त्यातून कण उडतात. डावीकडे किती, उजवीकडे किती, ते मोजायचं. मग चुंबक उलटा करून पुन्हा मोजायचं. निसर्ग डावं-उजवं करतो का, हे सरांना बघायचंय. मी म्हटलं, आमच्या सासूबाई तर दोन्ही सुनांमध्ये उघड करतात. सर हसलेसुद्धा नाहीत.

९ जून
शाळेला सुट्टी, म्हणून ठकीला सोबत नेलं. सहा वर्षांची लेक, एका जागी बसेल तर शपथ. मी चुंबक उलटा केला आणि बाईसाहेब टाकीमागून खिदळत बाहेर आल्या. गुदगुल्या झाल्या म्हणे. सरांनी पाहिलं नाही, नशीब.

११ जून
ठकी डाव्या हाताने जेवते. अक्षरं उलटी काढते. संत्र्याला लिंबाचा वास येतो म्हणते. नाटकं, असं वाटलं. पण गालावरचा तीळ डावीकडे होता. आता उजवीकडे आहे.

१९ जून
पोटभर खाते आणि वाळत चाललीय. डॉक्टर म्हणाले, काळीज उजवीकडे आहे, जन्मापासूनच असेल. नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

२० जून
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मोजणीची वही चाळली. मग म्हणाले, पोरीचा कण न कण उलटलाय. आपलं अन्न तिच्या अंगी लागणार नाही, जेवून जेवून उपाशी मरेल. तिला पुन्हा टाकीपाशी उभं करून चुंबक उलटवायचा, एवढाच उपाय.
"एकटीलाच पाठवा. तुम्ही जवळ जाऊ नका."

२१ जून
एकटी जाईना. मी हात धरला. सरांनी कळ दाबली. जळका वास आला.

२२ जून
ठकीने दोन वाट्या भात चापला. उजव्या हाताने. सुटले बाई.
मी हे डाव्या हाताने लिहितेय. छापलेलं सगळं उलटं दिसतं. हे पान कुणाला तरी आरशात धरून —

८ जुलै
चुंबक जळालाय. नवा यायला वर्ष लागेल, सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.
जेवते. जेवतेच आहे. भीती नाही वाटत. काहीच —

२६ जुलै
ठकीचे गाल भरलेत. मला उठवत नाही, म्हणून तीच भरवते. म्हणते, "आई, आ कर. सगळं संपवलंस ना, की तूपण माझ्यासारखी —