सतरंजीवरचे चौघे

मुलींचं वसतिगृह, मुंबई
२ मार्च २००३

ती. भीमाआत्यास,
संघरत्नाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

गावच्या सुरक्षा समितीवर वर्षभराची सदस्य झाल्यापासून तुझं अक्षरही ऐटीत चालतं. माझा प्रबंध तुझ्यासारख्यांवरच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच देश कायमचे, दहा दोन वर्षांचे पाहुणे. ठरावाला नऊ मतं लागतात. इराकवरच्या युद्धासाठी ती जुळेनात, म्हणून बडे देश अंगोला, गिनीची मनधरणी करताहेत.

तुला कोणी काही विचारतं, की नुसता चहा पिऊन येतेस?

तुझी आगाऊ भाची,
संघरत्ना

शेणव्याजवळची वाडी
९ मार्च २००३

चि. संघरत्नास,
आत्याचे अ. आ. आणि जय भीम.

चहासुद्धा मिळत नव्हता गो. गावचे पाच कायमचे खुर्च्यांवर, आम्ही वाड्यापाड्यांचे चौघे सतरंजीवर. मग सरपंचाच्या भावाचा पाण्याचा पंप चोरीला गेला. पुरावा काही नाय, तरी पाड्यावरच्या बुधूला पोलिसांत द्यायचा ठराव निघाला. ठरावाला सहा सह्या लागतात. लगेच आमच्यासाठी चहा आला, खुर्च्या आल्या.

खुर्चीवर गेलं की माणूस एकटं सापडतं. म्हणून आम्ही चौघे गुडघ्याला गुडघा लावून खालीच बसलो. शेजारच्या वाडीच्या सावळीने सांगितलं की तिला खुर्चीवर झोप येते. सही कोणीच केली नाय, चहा मात्र प्यायलो.

हे प्रबंधात घाल आणि वेळेवर जेवत जा.

गुडघे दुखणारी,
भीमाआत्या

मुंबई
२१ मार्च २००३

ती. आत्यास,
सा. जय भीम.

आज चेष्टा सुचत नाही. लहान देश बधले नाहीत, ठराव मताला आलाच नाही. तरी काल बाँब पडायला लागले. माझं शेवटचं प्रकरण कोरं पडलंय. नाही म्हणून काय मिळालं, आत्या? बुधूचं काय झालं?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
संघरत्ना

शेणव्याजवळची वाडी
३० मार्च २००३

चि. संघरत्नास,
अ. आ.

आमचे बडेही तसेच. ठराव नसताना बुधूला जीपमध्ये कोंबून चौकीत नेलं. आम्ही चौघे मागून एसटीने गेलो. फौजदाराने समितीची वही मागितली. पाच सह्या होत्या, सहावी ओळ कोरी. त्याने वही मिटली आणि बुधूला घरी जायला सांगितलं.

जीपमध्ये त्याला मारलं होतं. ते आम्हाला थांबवता आलं नाही, त्याचं फार वाईट वाटतं. पण ते आमच्या नावाने झालं असं कोणी म्हणू शकत नाय.

उद्या माझं वर्ष संपतं. आता पाड्याची पाळी. बुधूची बायको पारू येतेय. सतरंजीवरची माझी जागा तिला दाखवून ठेवली आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस. आमची सहावी ओळ कोरी राहिली, तुझं प्रकरण मात्र कोरं ठेवू नकोस.

तुझी,
भीमाआत्या