नातीची उरलेली दोन वर्षं

मी, खाली सही करणारी, विद्यापीठाच्या मोठ्या फाटकासमोर पदवीदानाचे झगे शिवून भाड्याने देणारी, सगळ्या पोरांची झगेवाली आजी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी मघाशी आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. दबाव आहे तो पोटातल्या खड्यांचा, आणि उद्या सकाळी तेच काढायचे आहेत. मी चौथी शिकले आहे, तेव्हा शुद्धलेखन कोणी तपासू नये. कागद तपासायला बोलावलेल्या वकीलबाई म्हणाल्या, अर्थ कळला म्हणजे कायद्याला पुरतं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करायचं मनातही नव्हतं. पण लिहून न ठेवल्याने काय होतं ते मी या वर्षी पाहिलं, म्हणून आधी ते सांगते आणि मग वाटणीकडे वळते. वकीलबाई म्हणतात आधी वाटणी लिहा. त्यांनी त्यांच्या मृत्युपत्रात लिहावी.

माझ्या मुलीची मुलगी, घरात तिला भिंगरी म्हणतात, विद्यापीठात शिकते. आमच्या घरातली ती पहिली. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांच्या खांद्यांची मापं घेतली, आणि आता माझीच नात फाटकातून आत जाते! ती आत जाताना मी रोज काम टाकून दारात येते. काय करू, हात थांबतात. तिची फी एक देणगीदार भरत होते. तिच्यासारख्या पाच जणांची. मुलीच्या पगारात आमचं घर चालतं, फी त्यात बसत नाही.

गेल्या वर्षी देणगीदारांचा मेळावा झाला. पाचही पोरांना झगे घालून मंचावर बसवलं होतं, म्हणून मी सुईदोरा घेऊन मागे उभी होते. शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कोटाचं बटण लोंबत होतं.

"काका, हात बाजूला घ्या, बटण लावते."

"राहू द्या हो."

"राहू कसं देऊ? पडलं तर शोधायला मीच वाकायची."

बटण लावता लावता ते म्हणाले, "त्या पोरांमध्ये तुमचं कोणी आहे?"

"ती सारखे पाय हलवतेय ना, ती माझी नात."

"मग खूश असाल."

"खूश तर आहेच, पण जीव टांगणीला लागलाय. एका पेपरात घसरली की पैसे बंद, असा नियम आहे. कोणी केलाय कोण जाणे. आम्ही झगा शिवताना शिवणीत माया सोडतो, पोर अंगाने भरलं तर उसवून मोठा करता यावा म्हणून. या नियमवाल्याने जन्मात कपडा शिवलेला दिसत नाही."

"खरंच नाही शिवला," ते म्हणाले. "नियम माझाच आहे."

सुई माझ्या बोटात गेली. पण माणूस मोठा दिलाचा. हसून म्हणाले, "नियम काढून टाकतो. हे पाचही जण शिकून बाहेर पडेपर्यंत देईन, घसरले तरी देईन. शब्द देतो तुम्हाला."

शब्द खरा होता. थंडीत ते झोपेतच गेले, आणि त्यांच्या मुलांनी हात वर केले. "बाबा बोलले असतील, लिहिलंय कुठे?" विद्यापीठातल्या देणगी विभागाच्या मॅडम मला म्हणाल्या, "आजी, आम्हाला वाईट वाटतंच, पण कागदच नाही." पाचातला एक जण सामान बांधून गावी गेलासुद्धा. आणि आमची भिंगरी हसत हसत म्हणते, "मी वर्षभर थांबते ना आजी, दुकानात बसते तुझ्याजवळ." वर्षभर थांबलेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या मापाचे झगे कपाटातच राहिले. तिची अजून दोन वर्षं बाकी आहेत. आता वाटणी.

पहिलं. दुकानावरच्या दोन खोल्या मुलीला. ती नर्स आहे, रात्रपाळी करून दिवसा झोपते, तेव्हा खिडकीचा जाड पडदा कोणी काढू नये.

दुसरं. बँकेत आहे ते उद्याच्या ऑपरेशनला लागेल. उरेल ते मुलाला. त्याने फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी दुकान विकायचं काढलं होतं, हे मी विसरलेले नाही. पण विजेची इस्त्रीही त्यानेच आणून दिली होती आणि माझे खांदे वाचवले, हेही विसरलेले नाही. त्याला उरलेले पैसे मिळतील. दुकानावर त्याने हक्क सांगू नये.

तिसरं. पायाचं मशीन माझ्या कारागीर बाईला. ती डावखुरी असल्याने सगळं उलट्या बाजूने करते आणि तरी शिवण सरळ येते. आम्ही दिवसातून दोनदा भांडतो. माझ्यामागे तिला भांडायला कोणी मिळावं.

चौथं. मोठी कात्री माझ्या जाऊबाईंनी "उद्या देते" म्हणून नेली, ती त्यांच्याकडेच राहू दे. त्या कात्रीने त्या प्लॅस्टिक कापतात असं कानावर आलं आहे. तेवढं थांबवावं.

पाचवं, आणि यासाठीच सगळा खटाटोप. दुकान विकू नये, भाड्याने द्यावं. भाडं वकीलबाईंनी गोळा करून भिंगरीच्या फीला भरावं, तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत. ती घसरली, आजारी पडली, मध्येच विषय बदलला, तरी बंद करू नये. तिचं झालं की भाडं विद्यापीठाला जावं, पण जी पोरं एखाद्या पेपरात अडकली आणि ज्यांची मदत त्यामुळे थांबली, त्यांच्यासाठीच. त्यांना मंचावर बसवून आभार मानायला लावू नये. भिंगरीची त्या दिवशी बोबडी वळली होती, पोर रडायची बाकी होती. शिष्यवृत्तीला नाव त्या कोटवाल्या काकांचं द्यावं, कारण शब्द त्यांचा होता. त्यांच्या मुलांना राग आला तर येऊ दे.

इथवर लिहून मी वकीलबाईंना वाचायला दिलं.

"आजी, छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण फी कधी भरायची आहे?"

"या महिन्याच्या शेवटी. म्हणून तर घाई. सही केली की भाडं सुरू ना?"

"नाही हो. मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"आणि मी उद्या वाचले तर?"

"तर हा कागद कपाटात."

"म्हणजे मी जगले तर पोरीची फी अडली?"

"आजी!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी असलं बोलतात का?"

मग कसलं बोलतात? सहा दिवस झोप नाही मला. मरायची एवढी नीट तयारी केली आणि जगायची काहीच केली नव्हती.

कारागीर बाई म्हणाली, "समोरच्या झेरॉक्सवाल्याला जागा कमी पडतेय. बोलवू का?" बोलवला. तो हाताला शाई घेऊनच आला.

"पुढची अर्धी जागा देते, मागे आम्ही शिवत बसू. पण दोनपेक्षा जास्त झेरॉक्स मशिनं ठेवायची नाहीत आणि भाडं थेट विद्यापीठात भरायचं, नातीच्या नावावर."

"चालेल, पण एवढे झगे कुठे ठेवाल आजी?"

"माझ्या उरावर ठेवीन. तू भाडं बोल."

बोलला. वकीलबाईंनी करारनामा वेगळ्या कागदावर केला, माझ्यामागेही तोच चालू राहील असा. आगाऊ भाडं घेऊन तो स्वतः फाटकातून आत गेला आणि या सत्राची फी भरल्याची पावती घेऊन आला. पावतीवर अंगठ्याची शाई लागली आहे. त्या डागाने आकडा झाकलेला नाही, मी दोनदा पाहिलं.

भिंगरी जिन्यात उभी राहून "आजी, मी साक्षीदार होऊ का?" म्हणून विचारते आहे. ज्याला मिळायचं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाईंनी तिला सांगितलं. ती विचारते, "मला काय मिळायचंय?" उद्याचा पेपर देऊन ये, मग सांगते, असं मी म्हटलं आहे.

भीती गेलेली नाही. पण वरचं सगळं मी राजीखुशीने, समजून लिहिलं आहे आणि ते माझ्यामागे तसंच पाळावं. फी भरली आहे. आता मी जगले तरी चालेल.

सही: झगेवाली आजी

आमच्यासमोर आजींनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:
साक्षीदार एक: गल्लीतल्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दोन: शेजारचे चष्मेवाले (सही)

स्थळ: दुकानाची मागची खोली, कापायच्या टेबलावर
दिनांक: सोळा मार्च, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी