शेजारच्या सीटवरचा ब्रेक

३ फेब्रुवारी, सकाळी

समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून ही डायरी. उद्यापासून केमो सुरू. आतड्यातली गाठ ऑपरेशन करून काढली आहे, पण एखादी पेशी कुठे दडून बसली असेल तर तिच्यासाठी हे औषध. तीन-तीन आठवड्यांनी, सहा वेळा. बाई म्हणाल्या, पॉझिटिव्ह राहा, घरच्यांचा आधार घ्या, मित्रांमध्ये मिसळा, छंद लावून घ्या आणि रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा. वय पंचविशीचं. कधी साधी सर्दीसुद्धा झाली नसावी असा चेहरा.

मला पॉझिटिव्ह राहायला कोणी शिकवायची गरज नाही. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे न कळणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून ज्याने जन्म काढला, तो घाबरत नसतो. माझ्या सीटपुढे माझा वेगळा ब्रेक आहे. शिकणाऱ्याने काय वाटेल तो गोंधळ घालावा, मी पाय दाबला की गाडी थांबते. माणसाला आणखी काय लागतं?

संकल्प: सहाही केमोंना स्वतः गाडी चालवत जाणार आणि स्वतः चालवत परत येणार.

तीन चांगल्या गोष्टी: १) मी. बाकीच्या दोन उद्या.

४ फेब्रुवारी

गेलो चालवत. बायको शेजारी बसून हळू चालवा, हळू चालवा करत होती. हिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. लग्नानंतर एकदा शिकवायला घेतलं होतं, तर पहिल्याच दिवशी रडली. मी एवढंच म्हणालो होतो, की पाण्याचा टँकरसुद्धा तुझ्यापेक्षा बरा वळतो. नर्व्ह नाही.

खुर्चीत चार तास. शेजारच्या खुर्चीत एक पोस्टमन, त्याची पाचवी केमो. त्याने विचारलं, पहिलीच का? मी म्हणालो, पहिली काय नि सहावी काय, आपल्याला फरक पडत नाही. तो हसला. चांगला माणूस.

परत येताना स्टिअरिंग गार लागलं, बोटांना झिणझिण्या. घरी फ्रिजमधलं पाणी प्यायलो, तर घशात काचा गेल्यासारखं झालं. गार काही नको, असं नर्सने बजावलं होतं म्हणे. मला सांगितलं असतं तर ऐकलं असतं. तुम्हालाच सांगितलं होतं, असं ही म्हणते.

१० फेब्रुवारी

मेव्हण्याने माझ्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ‘जिंकणारच’. नातेवाईक, मित्र, जुने विद्यार्थी, सगळे आत. मी रोज सकाळी एक विचार टाकायचं ठरवलंय. आजचा: आयुष्याच्या घाटात हॉर्न कमी, गिअर योग्य. अंगठे खूप आले. मेव्हण्याने त्याखाली त्याच्या दोन प्लॉटचे फोटो टाकले.

१४ फेब्रुवारी

मित्र आले. चौघांनी चार टोप्या आणल्या. माझे केस काही गळले नाहीत, या औषधाने फारसे गळत नाहीत. हे सांगितल्यावर चौघांचेही चेहरे पडले. एकाने तर डोक्यावर हात फिरवून खात्री करून घेतली. मग त्यांच्यातल्या विमा एजंटने त्याच्या साडूची गोष्ट सांगितली. अगदी असंच होतं म्हणे, हसतखेळत होता, शेवटपर्यंत. शेवटपर्यंत म्हटल्यावर सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं. ही उठून भजी तळायला गेली. मला वासानेच मळमळलं. मित्रांनी सगळी संपवली.

चांगल्या गोष्टी: चार टोप्या.

२५ फेब्रुवारी

दुसरी केमो. चालवत गेलो. चालवत आलोही, जवळजवळ. फाटकातून आत घेताना फाटक लागलं. ते फाटक मुळातच चुकीच्या जागी आहे, हे मी घर घेतलं तेव्हापासून सांगतोय. पुढचा दिवा फुटला आणि बंपर आत गेला. पायाला मुंग्या आल्या होत्या एवढंच. पाय ब्रेकवर आहे असं वाटलं, तो नव्हता. कुणालाही होऊ शकतं.

हिने किल्ली काढून घेतली आणि पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. तिचं. तीन वर्षांपूर्वीचं! सकाळी मी क्लासला गेलो, की ही समोरच्याकडे शिकायला जायची. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडची ड्रायव्हिंग स्कूल, तो ढापण्या, माझे निम्मे विद्यार्थी पळवणारा! पहिल्या फटक्यात पास झाली म्हणे.

तीन वर्षं ही बाई लायसन्स पर्समध्ये घालून माझ्या शेजारी बसून हळू चालवा म्हणत होती. कॅन्सरपेक्षा हे जास्त लागलं. लिहून ठेवतो, कारण बाईंनी मन मोकळं करायला सांगितलंय.

१८ मार्च

तिसरी केमो. ही चालवणार, मी शेजारी. ठीक आहे. ती माझी नेहमीचीच जागा, आणि ब्रेक माझ्याकडे. म्हणजे खरं बघता गाडी मीच चालवतोय.

जाताना मार्केटच्या चौकात एक सायकलवाला आडवा आला. म्हणजे, येईल असं वाटलं. मी पूर्ण ताकदीने ब्रेक मारला. मागचा टेम्पो आमच्यावर चढता चढता राहिला. टेम्पोवाला खाली उतरून आमच्या घराण्याबद्दल बरंच काही बोलला. सायकलवाला तोपर्यंत भलत्याच गल्लीत वळला होता, ही त्याची चूक. हिने गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, बघ, मी होतो म्हणून वाचलो. ही हो म्हणाली.

२० मार्च

गाडी सर्व्हिसिंगला. ऑइल बदलायचं होतं म्हणे. हिला एकदम ऑइलची काळजी लागलीय. लायसन्स असलं की माणसं शेफारतात.

२६ मार्च

मुलीने कुरियरने छंद पाठवला. हजार तुकड्यांचं कोडं. जोडलं की डोंगरातला मोकळा रस्ता आणि वर निळं आकाश दिसतं. मुलगी दुसऱ्या शहरात असते, रोज रात्री व्हिडिओवर येते आणि बाबा, यू आर सो स्ट्राँग म्हणते. मी दंड फुगवून दाखवतो. फोन बंद केला की मी झोपतो, पुष्कळदा जेवणाआधीच.

चार दिवसांत पूर्ण करायचा संकल्प.

८ एप्रिल

चौथी केमो. आता माझं आणि हिचं ट्युनिंग जमलंय. सिग्नल येतो, मी हळूच दाबतो, गाडी लोण्यासारखी थांबते. पूर्वी धक्का बसायचा, आता तोही नाही. तीस वर्षांत माझं ब्रेकिंग इतकं स्मूथ कधी नव्हतं. मार्केटच्या चौकात हीच म्हणाली, वेळेवर दाबलात हं. तीस वर्षांत हिने माझ्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक. पाय बधिर असले तरी वर्षानुवर्षांची सवय पायात असते, डॉक्टरांना हे कळणार नाही.

कोड्याचा रस्ता झाला. आकाशाचे तुकडे सदोष आहेत. सगळे निळे, सगळे सारखे. कंपनीला पत्र लिहिणार. शिवाय तुकडे इतके बारीक केलेत, की बोटांतून सटकतात. शर्टाची बटणंही हल्ली बारीकच बनवतात.

‘जिंकणारच’ ग्रुपमधून आज सात जण बाहेर पडले. नेटवर्कचा प्रॉब्लेम.

१५ एप्रिल, दुपारी

ताप. अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत म्हणाले, ताबडतोब या. हिने गाडी काय पळवली! मी सारखा दाबत होतो, गाडी थांबत नव्हती. दोन लाल सिग्नल तोडले. तापामुळे पायात जोर नसणार.

ॲडमिट. सलाइन. डॉक्टर हिच्याशी दाराबाहेर बोलतात. माझ्याशी आत येऊन मोठ्याने बोलतात.

भीती वाटते. हे उद्या खोडायचं.

१८ एप्रिल

खोडलं नाही. पेन बोटात नीट धरता येत नाही, म्हणून.

हॉस्पिटलात मेव्हणा भेटायला आला आणि म्हणाला, सगळं मनावर असतं. मी पॉझिटिव्ह आहे म्हणूनच लढतोय म्हणे. म्हणजे मेलो तर तोही माझाच हलगर्जीपणा. मी त्याला एक टोपी दिली.

मित्रांपैकी कोणी आलं नाही. इन्फेक्शन होऊ नये म्हणून काळजी घेत असतील. विमा एजंटने गुलाबाचं चित्र पाठवलं.

ही रात्रभर खुर्चीत बसून असते. मी म्हटलं, घरी जा, मला काही होत नाही. ही म्हणाली, झोपा. एवढंच. आधार द्यायची ही कुठली पद्धत? मीच तिला धीर देतोय.

२९ एप्रिल

पाचवी. शेजारची खुर्ची रिकामी. पोस्टमनची सहावी मागेच झाली असणार, तपासणीला तरी यायला हवा होता. नर्सला विचारलं. तिने माझी सुई तपासली, सलाइनचा वेग तपासला, खिडकीचा पडदा सारखा केला. मग म्हणाली, काका, गरम पाणी देऊ का?

त्याने हॉस्पिटल बदललं असणार. बदलीची नोकरी त्यांची.

येताना प्रत्येक सिग्नलला ब्रेक चोख. ही दोनदा म्हणाली, वेळेवर दाबलात. या सगळ्या धबडग्यात एक गोष्ट माझ्या हातात आहे. म्हणजे पायात. हे तीन चांगल्या गोष्टींमध्ये तीनदा धरतो.

११ मे

सकाळी उठलो तर कोडं पूर्ण. आकाशासकट. हिने केलं. कधी, ते माहीत नाही. मी म्हटलं, अवघड काम मी करून ठेवलं होतं, आकाश काय कुणीही जोडेल. ही म्हणाली, हो ना.

संकल्प, पक्का: शेवटच्या केमोला मी चालवत जाणार. मधल्या तीनदा राहिलं, ते सहावीला. मग जूनपासून क्लास सुरू. ग्रुपवर जाहीर केलं. ग्रुपमध्ये आता मी, ही, मुलगी आणि मेव्हणा. मेव्हण्याने अंगठा पाठवला. आणि एक प्लॉट.

१७ मे

मेकॅनिक घरी आला होता, बंपरचा पोचा काढायला. फाटकाने केलेला. ही माझी औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची टाकून अंगणात बसलो. मेकॅनिक पंधरा वर्षांचा ओळखीचा. त्याला सांगितलं, जूनपासून विद्यार्थी घेतोय, माझ्या बाजूचा ब्रेकही बघून ठेव. तसा उत्तमच चालतोय, तीन केमो त्याच्यावर काढल्या.

त्याने हातोडी खाली ठेवली. मग विचारलं, म्हणजे परत जोडायचा का?

मी विचारलं, काय जोडायचा?

तर सर्व्हिसिंगच्या वेळी वहिनींनीच तो काढून घ्यायला सांगितला होता म्हणे. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं म्हणे. माझ्या पेडलपासून मेन ब्रेकला जाणारा दांडा त्याने नटबोल्टसकट बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलाय. काळजी करू नका भाऊ, गंज लागू दिलेला नाही.

पेडल नुसतं लोंबतंय. हाताने दाबून बघितलं. काहीही नाही. चप्पल घालायला लागतो तेवढाही जोर त्याला लागत नाही. धडधाकट पायांच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मेकॅनिकला म्हटलं, मला माहीत होतं, मी तुझी परीक्षा घेत होतो. आणि मी विचारलं हे वहिनींना सांगू नकोस. तो बिचारा मान खाली घालून पोचा काढत बसला.

१७ मे, संध्याकाळी

ही आली. गोळ्या डबीत भरल्या. ताप बघितला. मी योग्य वेळी बोलणार.

मार्केटच्या चौकात कोण थांबत होतं मग? लोण्यासारखं? ही. आणि वर म्हणत होती, वेळेवर दाबलात. माझ्या तोंडावर. एकदाही हसू न येता. तापात सुसाट नेलं तेव्हा मी पाय मोडेस्तोवर दाबत होतो, तेही बघत असणार.

मीही हेच करायचो. घाबरट विद्यार्थ्याला म्हणायचो, शाबास, तुम्हीच थांबवलीत गाडी. आणि पाय माझा असायचा.

१९ मे

ठरलं. उद्या दोन गोष्टी. एक, हिला खडसावून जाब विचारणार. वाक्यं तयार आहेत. तू मला काय शिकाऊ समजलीस? इथून सुरुवात. दोन, गाडी मी चालवणार. दोन्ही उद्याच. माघार नाही.

२० मे

सहावी.

खाली उतरलो आणि किल्ली मागितली. वाटलं होतं वाद घालेल, त्याची तयारी होती. हिने सरळ दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. त्या बाजूला ब्रेक नाही हे तिला माहीत आहे, तरी बसली. बेल्टही लावला.

मी स्टिअरिंगवर बसलो. पाय ठेवला. ब्रेकवर आहे की चटईवर, कळेना. खाली वाकून बघावं लागलं. तीस वर्षं लोकांना ओरडत आलो, पायाकडे बघायचं नाही, पायाकडे बघतो तो मरतो. पाय ब्रेकवर नव्हता. अ‍ॅक्सिलरेटरवर होता.

ही समोर फाटकाकडे बघत होती. मग मी म्हटलं, ऊन तोंडावर येतंय, तूच घे. जागा बदलल्या.

जाब रस्त्यात विचारणार होतो. पहिलं वाक्य ओठावर होतं. हिच्या कानामागे केस पांढरे झालेत. फेब्रुवारीत नव्हते. किंवा असतील, मी रस्त्याकडे बघत होतो.

मार्केटचा चौक आला. लाल सिग्नल. गाडी हळूहळू थांबली, जराही धक्का न बसता.

ही म्हणाली, वेळेवर दाबलात हं.

माझे दोन्ही पाय सीटखाली मागे ओढलेले होते.

हो म्हणालो.